कालवा आला, वाट राहिली

आज एका कालव्याची गोष्ट. नेदरलँड्समध्ये मास आणि वाल या दोन नद्या पूर्वी वाउड्रिखेम गावापाशी एकत्र यायच्या. वाल फुगली की तिचं पाणी मासला मागे रेटायचं आणि मासकाठची गावं बुडायची. म्हणून १८८३ साली कायदा झाला: मासला समुद्राकडे जायला वेगळी वाट खणून द्यायची. तीच बर्गसे मास. १९०४ साली राणी विल्हेल्मिना यांनी तिचं उद्घाटन केलं. पुराचा धोका पुष्कळ कमी झाला.

पण शेजारची गावं दोन काठांना पडली, जुने रस्ते मधेच तुटले. त्याची भरपाई म्हणून सरकारनं शब्द दिला, की पलीकडे न्यायला फेरीबोट असेल आणि भाडं पडणार नाही. शंभराहून जास्त वर्षं झाली. आजही तिथे तीन ठिकाणी फेरीबोट चालते, तीही फुकट.

आपल्याकडे कालवा किंवा मोठा रस्ता आला, की फायदा सगळे सांगतात. ग्रामसभेत आपण एवढं विचारू या: रोज या वाटेनं जाणारीनं उद्या कुठून जायचं? आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घेऊ या.