उपग्रह, मराठी वाहिन्या आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गुवाहाटी येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी या विषयावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. उपग्रह, डिश आणि सेट टॉप बॉक्स यांविषयी आमचा अधिकार एवढाच, की या तिघांनीही आम्हांस केव्हा ना केव्हा फसविले आहे. चिटणीस म्हणाले, "मग तेच सांगा." म्हणून हे धाडस.

आपल्या देशात उपग्रहावरून दूरचित्रवाणी पाहण्याचा पहिला मोठा प्रयोग 1 ऑगस्ट 1975 रोजी सुरू झाला. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला आणि सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षण असे कार्यक्रम दिसू लागले. प्रत्येक खेड्यात जाळीची सुमारे 3 मीटर व्यासाची छत्री आणि एक संच. त्यापुढे सारा गाव. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीच सुरू झाले होते. परंतु त्याचे मराठी कार्यक्रम मनोऱ्याच्या टप्प्यापलीकडे जात नसत. महाराष्ट्राबाहेर बदली झाली, की मराठी बातम्या सुटल्या, हा नोकरीचा एक अलिखित नियमच होता.

2001 साली आम्ही प्रथम या शहरात आलो. मराठी वाहिन्या तोवर उपग्रहावर आल्या होत्या, पण आपल्या घरी येत ते केबलवाल्याच्या मर्जीने. त्याच्याकडे आम्ही तिघे-चौघे शिष्टमंडळ घेऊन गेलो. त्याने विचारले, घरे किती? आम्ही बोटे मोजली. त्याच्या वस्तीत अकरा भरली. तो बिचारा सभ्यपणे हसला आणि त्याने चहा पाजला. अकरा घरांसाठी एक वाहिनी अडविणे त्यास परवडणारे नव्हते. त्या दिवशी परत येताना कोणी फारसे बोलले नाही. भाषा आपली, मोल देण्याची तयारी आपली. तरीही संख्येत आपण बसत नव्हतो.

ही अडचण सोडविली ती घराघरांवर आलेल्या लहान डिशने. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्या गतीने फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी थांबल्यासारखा भासतो. देशभर व्यापणाऱ्या त्याच्या झोतात पुणे आणि गुवाहाटी असा भेद उरत नाही. खेडे असो वा राजधानी, जे पुण्याच्या गच्चीवर उतरते तेच आपल्या पत्र्यावरही उतरते. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्क न घेणारी सेवा सुरू केली आणि सह्याद्री वाहिनीच्या बातम्या आपल्या घरी आल्या. खाजगी सेवांनी पुढे इतर मराठी वाहिन्या आणल्या. अकरा घरांचा प्रश्नच मिटला. एक घरही पुरेसे झाले. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील पाऊस मात्र या लहरींना मानवत नाही. मोठी सर आली, की चित्राचे चौकोन होऊन ते गोठते. ते आपण सोसतोच.

आता एच. डी. म्हणजे उच्च स्पष्टतेच्या चित्राकडे वळू. साध्या चित्रात आडवे 720 आणि उभे 576 बिंदू असतात; पूर्ण एच. डी. चित्रात 1920 आणि 1080. गुणाकार केल्यास बरोबर पाचपट होतात. अर्थात उपग्रहावर अशा चित्रास जागाही अधिक लागते. म्हणून प्रथम खेळांच्या, चित्रपटांच्या आणि हिंदी-इंग्रजीच्या वाहिन्या या मार्गाने गेल्या. प्रादेशिक भाषांचा क्रम मागून लागला. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्या या रूपात येऊ लागल्या त्या 2016 साली. आम्ही तेव्हा म्हणालो होतो, की सासू-सुनांची भांडणे पाचपट स्पष्ट दिसून काय साधणार? ते उद्गार आम्ही आज जाहीरपणे मागे घेतो.

2015 मध्ये आम्ही दुसऱ्यांदा येथे आलो ते आमच्या मातोश्रींसह. वाईचे घर बंद करून, वयाच्या पंचाहत्तरीत, त्या या अपरिचित भाषेच्या शहरात आल्या. त्यांस ऐकू फार कमी येते. श्रवणयंत्राने आवाज वाढतो, शब्द उलगडत नाही. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणे जाणतात, आणि तेही मराठीच. आम्ही मोठा संच घेतला, एच. डी.ची वर्गणी भरू लागलो; तरी त्या संचापुढे नुसत्या बसून असत. आम्ही समजलो, वयोमानाने मन लागत नसेल.

जवळजवळ एक वर्षाने मंडळाची वर्गणी गोळा करण्यासाठी एक तरुण सभासद आला. त्याने संचाच्या मागे डोकावून पाहिले आणि विचारले, "काका, ही लाल, पिवळी, पांढरी वायर कशाला ठेवली आहे?" त्या वायरीतून एच. डी. चित्र जातच नाही! बॉक्स नवा, संच नवा, वर्गणी नवी आणि चित्र मात्र जुनेच. त्याने दुसऱ्या दिवशी एच. डी. एम. आय. वायर आणून जोडली. मालिका चालू होती. थोड्या वेळाने मातोश्री आपणहून म्हणाल्या, "अरे, ही सून खोटे बोलते आहे." आम्ही चकित झालो. त्यांस ओठ दिसू लागले होते. पुढे तर हिंदीतून मराठीत उतरविलेली जाहिरात लागली, की त्या म्हणत, "हिच्या तोंडात एक आणि खाली अक्षरांत दुसरेच." गेले ते वर्ष आमच्या अज्ञानापायी गेले, हे शल्य अजून आहे.

1 फेब्रुवारी 2019 पासून प्रत्येक वाहिनी निवडून घेण्याची नवी पद्धत आली. त्या नियमांत एक एच. डी. वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली जाई. आम्ही काही न कळविल्याने या भागासाठी ठरविलेला संच आपोआप लागू झाला आणि मराठी वाहिन्या गेल्या. मातोश्रींनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग विचारले, "आपली माणसे कुठे गेली?" मागणी नोंदविताच त्या परत आल्या. पूर्वी आपली संख्या कमी म्हणून वाहिनी मिळत नसे. आता मिळते, पण मागितली तरच.

म्हणून मंडळास दोन विनंत्या. दोन-तीन तरुणांनी वर्षातून एकदा ज्येष्ठ सभासदांच्या घरी जाऊन संचाची वायर आणि निवडलेल्या वाहिन्या पाहाव्यात. वर्गणीच्या फेरीतच हे काम होईल. दुसरी विनंती या सभागृहाविषयी. आपल्या नाटकांत आणि व्याख्यानांत प्रकाश पडद्यावर पडतो, बोलणाऱ्याच्या तोंडावर नाही. उपग्रहाने जे केले, तेवढे आपण दोन दिव्यांनी करू शकतो.

आमच्या मातोश्री आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आम्ही हे भाषण लिहून आणले असूनही मान वर करून, सावकाश बोललो, ते त्यांच्यासाठी. त्यांनी आताच मान डोलावली आहे. तेव्हा आम्ही येथेच थांबतो.