स्टिअरिंगवरची डुलकी

रात्री भाजीचा टेम्पो, कंपनीची कॅब किंवा मालाचा ट्रक चालवणाऱ्यांसाठी आजच्या या चार गोष्टी.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. सरळ, एकसारखा रस्ता, ना सिग्नल, ना गाव. अशा रस्त्यावर डोळे उघडे असले तरी मेंदू सुस्तावतो. त्यात पहाटे दोन ते सहा ही वेळ मुळातच शरीराच्या झोपेची. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली, तर जवळपास ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं!

सारख्या जांभया, डोळ्यांची जळजळ, लेन सुटणं, मागचा टोलनाका कधी गेला ते न आठवणं, या खुणा ओळखा. काच खाली करून किंवा गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही. गाडी कडेला नको, पेट्रोल पंपावर किंवा ट्रकतळावर लावा. कपभर चहा घ्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. उठेपर्यंत चहाही आपलं काम करू लागतो.

आणि मालकांनो, १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे त्यात लिहिलेलं होतं. "सकाळी सहाला माल पोचलाच पाहिजे" असं सांगण्याआधी ड्रायव्हर किती झोपलाय, तेवढं विचारा.