घबराटीचे भय



हवामानशास्त्र परिषदेच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी माझी योजना करून आपण मला जो मान दिलात, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. शास्त्राच्या गतवर्षीच्या प्रगतीचा अध्यक्षाने आढावा घ्यावा, असा अशा संमेलनांचा शिरस्ता आहे. परंतु उपग्रह, रडार आणि गणकयंत्रावरील प्रतिमाने यांविषयी पुढील सत्रांत माझ्याहून अधिकारी व्यक्ती बोलणार असल्यामुळे त्या शिरस्त्यातून आज मला मुभा असावी, अशी विनंती आहे. मी बोलणार आहे ते वादळाचा अंदाज सिद्ध झाल्यानंतर आणि तो किनाऱ्यावरच्या माणसाच्या कानी पडण्यापूर्वी जो काळ जातो, त्या काळाविषयी. अटलांटिकमधील हरिकेनांच्या, म्हणजे तेथील चक्रीवादळांच्या, मार्गाचा अंदाज २४ तास आधी वर्तवताना जी सरासरी चूक होई, ती १९७० च्या दशकात सुमारे २०० किलोमीटर होती. आज ती पन्नास-साठ किलोमीटरांवर आली आहे. इतके यश पदरात पडूनही माणसे मरतात. त्याची कारणे शोधू गेल्यास आकाशापेक्षा दफ्तरातच अधिक सापडतात, आणि त्यांतही एक कारण मला सर्वांत घातक वाटते: खरे ते सारे सांगितले तर लोक घाबरून सैरावैरा धावतील, हे अधिकाऱ्यांच्या मनात ठाण मांडून बसलेले भय.

या भयाने काय केले ते पाहण्यासाठी अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील गॅल्व्हेस्टनकडे जावे लागते. १९०० साली सुमारे ३७ हजार वस्तीचे हे संपन्न बंदर वाळूच्या एका चिंचोळ्या बेटावर उभे होते, आणि त्यातील सर्वांत उंच जागादेखील समुद्रसपाटीपासून नऊ फुटांवर नव्हती. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आरंभी एक वादळ क्यूबावरून पुढे सरकले. हवानामधील बेलेन येथील जेझुइट पाद्र्यांच्या वेधशाळेत फादर बेनितो विन्येस यांनी १८७० पासून उंच आकाशातील पिंजलेल्या मेघतंतूंच्या दिशेवरून वादळाचे केंद्र ताडण्याची विद्या सिद्ध केली होती. त्यांच्या पश्चात तेथे काम करणाऱ्यांनी हे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरून पश्चिमेकडे जाईल, असे निदान केले. वॉशिंग्टनच्या हवामान कार्यालयाचे मत निराळे होते; वादळ फ्लोरिडावरून वळून अटलांटिक किनाऱ्याने उत्तरेस जाईल, असे तेथील मंडळी धरून बसली होती. दोन विद्वानांत मतभेद होणे ही शास्त्रात नित्याची गोष्ट आहे, आणि त्यासाठी मी कोणास दोष देणार नाही. परंतु त्या वेळी क्यूबावर अमेरिकेचा लष्करी अंमल होता. क्यूबाचे निरीक्षक जरा ढग दिसले की वादळाचा पुकारा करणारे आणि लोकांना विनाकारण हवालदिल करणारे आहेत, अशी तक्रार हवामान कार्यालयाने केली होती, आणि त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस क्यूबातून हवामानाविषयीच्या तारा पाठवण्याची बंदी अंमलात आली होती. ज्यांना दिसत होते त्यांचे तोंड अशा रीतीने हुकुमाने बंद झाले. हरिकेनचा इशारा देण्याचा अधिकारही वॉशिंग्टनने आपल्या हाती राखला होता. ८ सप्टेंबरला समुद्र पंधरा फुटांवर चढला आणि रात्र संपेपर्यंत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या शहराचे हवामानाधिकारी आयझॅक क्लाइन यांची पत्नी त्याच पाण्यात वाहून गेली. मोठे वादळ गॅल्व्हेस्टनचे काही बिघडवू शकणार नाही, असे त्यांनी स्वतःच १८९१ मध्ये तेथील वृत्तपत्रात लिहिले होते. समुद्राला भिंत घालण्याची जी तजवीज त्या काळी कागदावरच राहिली, ती या संहारानंतर पुरी झाली.

लोक घाबरतील या समजुतीला आधार कितपत आहे, याचा शोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजशास्त्रज्ञांनी चिकाटीने घेतला. १९६३ साली ओहायोच्या विद्यापीठात आपत्तिसंशोधनाचे केंद्र स्थापन करणाऱ्यांपैकी एक, एन्रिको क्वारांतेली, यांनी संकटात सापडलेल्या माणसांच्या वर्तनाचा आयुष्यभर अभ्यास केला. आणि घबराट ही संकटात क्वचित दिसणारी गोष्ट असून माणसे बहुधा शेजाऱ्याला हाक मारतात, म्हाताऱ्यांना उचलतात, बातमीची खात्री करून घेतात आणि मग निघतात, असे त्यांच्या अभ्यासात आढळून आले. म्हणजे ज्या भयापोटी इशारे सौम्य केले गेले, ते भय बव्हंशी इशारा देणाऱ्यांच्याच मनात होते.

न्यायशास्त्रकारांनी आप्ताची, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा अशा माणसाची, लक्षणे सांगताना त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा धरली आहे: त्याने वस्तू स्वतः यथार्थ जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगण्याची त्याला इच्छा असावी. यांतील पहिली गोष्ट आमच्या खात्यांनी शतकभराच्या तपश्चर्येने साधली आहे. दुसरी अजून पूर्णपणे साधलेली नाही, असे मला नम्रपणे परंतु स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

कारण लपवणे केवळ मौनाने होत नाही. जे अनिश्चित आहे ते निश्चित असल्यासारखे दाखवणे हीदेखील लपवण्याचीच रीत आहे. अमेरिकेत वादळाच्या संभाव्य मार्गाचा एक शंकू नकाशावर काढतात. मागील पाच वर्षांच्या चुकांवरून त्याची रुंदी ठरते, आणि ती अशी की वादळाचे केंद्र तिनांपैकी सुमारे दोन वेळा त्याच्या आत राहावे. तिसऱ्या खेपेस ते बाहेर जाणार, हे त्या आकृतीतच अभिप्रेत आहे. शिवाय वारा, पाऊस आणि उधाण केंद्रापासून किती दूर पसरतील याविषयी तो शंकू काहीच सांगत नाही. तथापि शंकूच्या मध्यातून जी काळी रेघ ओढतात, तीच लोकांच्या नजरेत भरते. १३ ऑगस्ट २००४ रोजी चार्ली नावाचे हरिकेन फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आले, तेव्हा रेघ टँपा शहराकडे जात होती. वादळ किंचित उजवीकडे वळून पुंटा गोर्डा या दक्षिणेकडील गावावर आदळले. ते गाव शंकूच्या आत होते आणि तेथे इशाराही लागू होता. पण सगळ्यांचे डोळे टँपावर खिळले असल्यामुळे, वादळाने ऐन वेळी दगा दिला अशी तेथील पुष्कळांची भावना झाली.

हाच प्रकार आपल्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी घडला, म्हणून तो उदाहरणादाखल सांगतो. हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळपास वादळ जमिनीवर येईल, असे भारतीय हवामान विभागाचे म्हणणे होते, आणि ते बरोबर ठरले. ३ जून २०२० रोजी दुपारी ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन ते अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून गेले. परंतु दूरचित्रवाणीवर दोन दिवस मुंबईखेरीज दुसऱ्या गावाचे नाव नव्हते. वरळीच्या लाटा आणि वांद्र्याचा पूल पाहून देश धास्तावला, आणि मुंबई वाचल्याबरोबर वादळ टळले असे त्याने ठरवून टाकले. त्याच वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड आणि दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या होत्या. विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळल्यामुळे तेथील हकीकत सांगणेही कोणास शक्य नव्हते. पोफळीचे झाड फळाला येण्यास सहा-सात वर्षे लागतात. तेव्हा ज्या कुटुंबाची वाडी त्या दुपारी गेली, त्याचे उत्पन्न एका हंगामापुरते गेले नाही.

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण. २८ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी लुइझियानातील स्लाइडेल येथील हवामान कार्यालयात रॉबर्ट रिक्स हे मूळचे न्यू ऑर्लीन्सचेच असलेले अधिकारी पाळीवर होते. कॅट्रिना हे हरिकेन आखातात अत्यंत प्रबळ होऊन शहराच्या रोखाने येत होते. अशा प्रसंगासाठी खात्याने काही वर्षांपूर्वी एक मसुदा करून ठेवला होता. त्यात वाऱ्याच्या वेगाचे आकडे मुख्य नव्हते; घरांचे काय होईल ते होते. पक्क्या बांधणीच्या घरांपैकी निम्म्यांची छपरे आणि भिंती जातील, वीज कित्येक आठवडे नसेल, पिण्याच्या पाण्यावाचून माणसांचे अपार हाल होतील, प्रदेशाचा मोठा भाग आठवडेच्या आठवडे राहण्यालायक उरणार नाही, उघड्यावर सापडलेली माणसे आणि जनावरे वाचणार नाहीत, अशा अर्थाची ती वाक्ये होती. यांतील कोणते वाक्य गाळता येईल, हे पाहत रिक्स यांनी तो मसुदा ओळीओळीने तपासला. प्रत्येक ओळीपाशी थांबून त्यांनी स्वतःला विचारले की हे खरे होणार नाही काय. आणि एकही ओळ त्यांना काढता आली नाही. मजकूर बाहेर पडला तेव्हा तो बनावट असावा, अशी शंका काही वृत्तनिवेदकांनाही आली. परंतु तो ऐकून ज्यांनी गाडीची किल्ली उचलली अशी माणसे पुष्कळ होती, आणि पुढे आढावा घेणाऱ्यांनी त्या शब्दांना श्रेय दिले. या अधिकाऱ्याने आपल्या टेबलाशी बसून केलेले ते वाचन मला आमच्या व्यवसायाच्या इतिहासातील फार मोठी घटना वाटते. हजारो कुटुंबांपाशी स्वतःचे वाहन नव्हते आणि सरकारने त्यांची पुरेशी सोय केली नव्हती, हा दोष त्या शब्दांचा नव्हे.

त्याच वादळात शेजारच्या मिसिसिपीच्या किनाऱ्यावर दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. तेथील वृद्धांनी १९६९ चे कमील हे हरिकेन पाहिले होते. कमील पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे होते; कॅट्रिना जमिनीवर येताना तिसऱ्या श्रेणीत उतरले. ‘तेव्हा वाचलो, तर आता काय होणार’ असे म्हणून पुष्कळजण घरीच राहिले. पण श्रेणी ठरते ती केवळ वाऱ्याच्या वेगावरून. कॅट्रिनाचा विस्तार फार मोठा होता, तेथील समुद्रतळ दूरवर उथळ आहे, आणि अशा ठिकाणी रुंद वादळ पाण्याचा डोंगर पुढे ढकलत आणते; पास ख्रिश्चन गावी पाणी सुमारे २८ फूट चढले, कमीलच्या वेळेपेक्षा काही फूट अधिक. किनाऱ्यावरची माणसे वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक मरतात, हे शास्त्राला ठाऊक होते, पण लोकांना दिला जाणारा आकडा वाऱ्याचा होता. पुढे अमेरिकेने २०१० मध्ये श्रेणीच्या कोष्टकातून उधाणाची उंची वगळली आणि २०१७ पासून उधाणाचा स्वतंत्र इशारा देण्यास आरंभ केला.

माझ्या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप आहे, आणि तो मला टाळावयाचा नाही. कॅट्रिनानंतर महिनाही उलटला नव्हता तोच रीटा हे हरिकेन टेक्ससकडे निघाले, आणि ताज्या प्रेतांची चित्रे पाहिलेले पंचवीस लाखांहून अधिक लोक ह्यूस्टनच्या परिसरातून एकाच वेळी रस्त्यावर आले. मैलोगणती रांगांत, उन्हात, इंधन संपलेल्या गाड्यांत वादळापेक्षा अधिक माणसे दगावली. वृद्धाश्रमातील रहिवाशांना नेणारी एक बस पेटून २३ जण गेले. वादळ मात्र पूर्वेकडे सरकून लुइझियानाच्या सीमेवर उतरले. हीच ती घबराट, असे कोणी म्हणेल. माझे वाचन निराळे आहे. निघालेल्यांपैकी पुष्कळांच्या घरांपर्यंत उधाण पोहोचण्याचा संभवच नव्हता. कोणी निघावे हे सांगितले गेले, कोणी राहावे हे पुरेशा स्पष्टपणे सांगितले गेले नाही. ज्याला अर्धे सांगितले जाते, तो उरलेले अर्धे कल्पनेने भरून काढतो.

पूर्ण सांगितल्याने काय साधते, ते ओडिशाने दाखवले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात त्या राज्यात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच वर्षअखेर तेथे आपत्तिनिवारणाचे स्वतंत्र प्राधिकरण उभे राहिले, निवारे बांधले गेले, आणि गावोगावी कोणी कोणास उठवावयाचे ते ठरले. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन हे चक्रीवादळ गोपाळपूरला आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवलेले होते आणि मृत्यू काही डझनांत राहिले. बांगलादेशाने तर १९७० च्या भोला वादळात तीन ते पाच लाख माणसे गमावल्यानंतर १९७२ मध्ये स्वयंसेवकांचे दल उभारले. ते हातात ध्वनिवर्धक घेऊन दारोदार जातात आणि धोक्याच्या पायरीप्रमाणे एक, दोन, तीन निशाणे चढवतात. सांगणारा गावचाच असतो, आणि तो स्वतःही निघालेला असतो. म्हणून त्याचे ऐकतात.

आपल्या बंदरांतही निशाणे आहेत. कोकणातील कोणत्याही मोठ्या बंदरावर पावसाळ्यात उभे राहिल्यास डोलकाठीवर तीन नंबरचा बावटा चढलेला दिसतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेवढीच ओळ येते, आणि तांडेल होडी वर ओढून घेतो. बंदरांवरच्या अशा अकरा संकेतांची योजना एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या कप्तानांसाठी झाली. तीन नंबर म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा संभव. अकरा नंबर म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संबंधच तुटला. दर्यावर्दीला ही लिपी वाचता येते, आणि ती चांगली आहे. पण बंदरामागच्या पाखाडीत कौलारू घरात राहणाऱ्या बाईला खाडीचे पाणी आपल्या पायरीपर्यंत येणार की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि तिने कोणाला विचारावे, याचीही सोय नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी दोन ठराव ठेवीत आहे. पहिला असा की, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येक खाडीकाठच्या गावी, अमुक उंचीचे उधाण आले तर पाणी कोणत्या वाडीपर्यंत पोहोचेल, याच्या खुणा गावातल्या माहितीच्या ठिकाणी, म्हणजे देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या भिंतीवर आणि मासळीबाजारात रंगवून ठेवाव्यात, आणि इशारा देताना आकड्याबरोबर त्या खुणेचे नाव घ्यावे. दुसरा असा की, प्रत्येक वादळानंतर पंचनामे करणाऱ्या तलाठ्यांनी, ते पडलेली झाडे आणि उडालेली कौले मोजतात त्याचप्रमाणे, या घरात इशारा केव्हा, कोणाकडून आणि कोणत्या शब्दांत पोहोचला, हेही लिहून घ्यावे, आणि तो कागद महसुलाच्या दफ्तरात न ठेवता वेधशाळेकडे पाठवावा. दोन्ही मसुदे सभासदांना वाटण्यात आले आहेत. दुपारच्या सत्रात त्यांवर चर्चा व्हावी, आणि ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो निःसंकोच मांडावा, अशी विनंती करून मी अधिवेशनाच्या कामकाजास आरंभ करतो.