दोन दिवसांत मिळणारा इशारा

(व्याख्यानाचा संपादित अंश)



कापडावरील प्रक्रिया असो, केसांचा कलप असो वा शेतातील फवारणी, नवनवी रसायने रोज घरात येत असतात. त्यांतील कोणते रसायन पेशीतील जनुकांना इजा करून पुढे कर्करोगाला वाट करून देईल, हे ओळखायचे कसे? एकेकाळी भरवशाचा मार्ग एकच होता. ते रसायन उंदरांना सुमारे दोन वर्षे द्यायचे आणि मग त्यांच्या शरीरातील गाठी मोजायच्या. रसायने हजारो आणि एकेका परीक्षेला दोन-दोन वर्षे!

ही कोंडी अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाचे ब्रूस एम्स यांनी फोडली. त्यांनी साल्मोनेला जिवाणूचे असे वाण निवडले, ज्याला जनुकातील बिघाडामुळे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करता येत नाही आणि त्यावाचून ते वाढत नाही. काचेच्या बशीत असे कोट्यवधी जिवाणू ठेवून त्यांत संशयित रसायन मिसळतात. त्या रसायनाने जनुकात बदल घडविले, तर काही जिवाणूंमधील जुना बिघाड योगायोगाने दुरुस्त होतो. ते वाढू लागतात आणि 48 तासांत त्यांच्या वसाहती ठिपक्यांसारख्या दिसतात. रसायनाविना ठेवलेल्या बशीतही थोडे ठिपके उमटतातच. त्यांच्याशी तुलना करूनच निष्कर्ष काढला जातो.

परंतु जिवाणूला यकृत नसते. कित्येक पदार्थ मूळ रूपात निरुपद्रवी असतात आणि यकृतातील विकरांनी रूप पालटले की घातक होतात. म्हणून एम्स यांनी बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळला. ही सुधारित पद्धत 1973 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे जिवाणू त्यांनी मागेल त्या प्रयोगशाळेला विनामूल्य पाठविले. विद्या दिल्याने वाढते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

या चाचणीचा प्रभाव लवकरच दिसला. लहान मुलांचे रात्रीचे कपडे पेटू नयेत म्हणून अमेरिकेत त्यांवर 'ट्रिस' नावाचे रसायन वापरीत. ते जनुकांना इजा करते, हे आर्लीन ब्लम आणि एम्स यांनी जानेवारी 1977 मध्ये मांडले. एप्रिलमध्ये अशा कपड्यांवर बंदी आली. त्याऐवजी आणलेले दुसरे रसायनही 1978 मध्ये याच चाचणीत सदोष ठरले. आगीपासून मुलांना वाचविणारे कवचच विषारी निघाले होते!

यावरून 'कृत्रिम ते वाईट, नैसर्गिक ते चांगले' असे कोणी समजू नये. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात वा मक्यात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन पूर्णतः नैसर्गिक आहे. यकृताच्या अर्काबरोबर तेही चाचणीत ठळकपणे पकडले जाते आणि माणसात ते यकृताचा कर्करोग घडविते. म्हणून खवट, काळपट दाणे चटणीत 'खपवून' टाकणे ही काटकसर नव्हे.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण मशेरीचे आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून आपल्या कित्येक माता-भगिनी ती दातांना लावतात. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत मशेरीच्या अर्कावर ही चाचणी झाली आणि तो जनुकांना इजा करणारा ठरला. दात स्वच्छ होतात, पोट साफ राहते, या समजुतीपायी व्यसन मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

चाचणीलाही मर्यादा आहेत. अ‍ॅस्बेस्टॉससारखे काही कर्करोगकारक तिच्यातून निसटतात, आणि तिच्यात सापडलेले प्रत्येक रसायन माणसाला कर्करोग करतेच असे नाही. किती मात्रा, किती काळ, हे पाहावेच लागते. एम्स स्वतः उत्तरायुष्यात हेच बजावीत राहिले. 2024 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी ते निवर्तले.

बशीतील ठिपके इशारा देतात, निवाडा नव्हे. इशारा मिळाल्यावर अधिक तपास करणे हे शास्त्रज्ञांचे आणि शासनाचे काम आहे. मशेरीचा डबा मात्र कोणत्याही शासनाला घरात शिरून उचलता येणार नाही. तो घरच्यांनीच, आजीशी प्रेमाने बोलून, फळीवरून खाली उतरवायचा आहे.