कुंपणच शेत खातं तेव्हा: ऑरगॅनिक सोलर सेलमधला ऑक्साइडचा थर

मागच्या भागानंतर किनवटहून, म्हणजे माझ्याच गावाहून, एका श्रोत्याने विचारलं, "सर, प्लास्टिकचं सोलर पॅनल चटईसारखं गुंडाळता येतं म्हणे. मग आमच्या तांड्यावर ते का दिसत नाही?"

उत्तर एका अगदी पातळ थरात आहे.

ऑरगॅनिक सोलर सेलमध्ये ऊन शोषणारा थर जेमतेम 100 नॅनोमीटरचा असतो. उन्हाने त्यात इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, अशी जोडी तयार होते. दोघांना दोन वेगळ्या दारांनी बाहेर काढलं नाही, तर ते आतच पुन्हा एकत्र येतात आणि वीज काही मिळत नाही. या दारांवरचे राखणदार म्हणजे मेटल ऑक्साइडचे थर. झिंक ऑक्साइड इलेक्ट्रॉनला वाट देतं, होलला अडवतं. मॉलिब्डेनम ऑक्साइड होल गोळा करतं.

पूर्वी होलच्या दारावर पेडॉट-पीएसएस नावाचं पॉलिमर असायचं. ते आम्लधर्मी, ओल धरणारं. खालचा पारदर्शक इलेक्ट्रोड हळूहळू खायचं. त्याजागी ऑक्साइड आले, सेलची रचना उलटी केली आणि आयुष्य वाढलं.

पण मेख इथेच आहे. झिंक ऑक्साइड उन्हातले अतिनील किरण शोषतं आणि शेजारच्या सेंद्रिय रेणूंनाच तोडायला लागतं. नव्या, जास्त वीज देणाऱ्या नॉन-फुलरीन रेणूंना तर जास्तच. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना! विद्यार्थी असताना मी बनवलेले सेल पहिल्या दिवशी झकास चालले. खिडकीत ठेवले, तर काही दिवसांत निम्म्यावर आले. दोष मी आठवडाभर तारांमध्ये शोधत होतो.

यावर उपाय आहेत. झिंकऐवजी टिन ऑक्साइड वापरतात, ऑक्साइडवर सेंद्रिय रेणूंचा पातळ लेप देतात, वरून अतिनील किरण गाळणारी फिल्म लावतात. प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलने 19 टक्के कार्यक्षमता ओलांडलीय. पण किनवटच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर वर्षानुवर्षं टिकणं, ही परीक्षा वेगळी.

म्हणून दादा, शेतपंपाला सध्या सिलिकॉनचंच पॅनल घ्या. उद्या कुणी गुंडाळायचं पॅनल विकायला आलं, तर किती टक्के हे नंतर विचारा. आधी विचारा: किती उन्हात, किती दिवस तपासलंय?

भेटू पुढच्या भागात.