शस्त्र आणि शौर्य

१८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले. युरोपियनांना मात्र परवान्यातून सूट होती. म्हणूनच १९०९ साली सावरकरांनी लंडनहून पाठविलेली २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून आली. तो कायदा परक्यांचा होता. १९५९चा कायदा आपल्या संसदेचा आहे. आज उमर्टीचा गावठी कट्टा कमरेला खोचून पाचोऱ्यात हिंडणारा तरुण त्या क्रांतिकारकांचा वारस ठरत नाही. त्यांच्यापुढे परकी सत्ता होती. याच्यापुढे बहुधा भाऊबंद नि शेजारीच असतात. जिवाला खरोखर धोका असेल, त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे रीतसर परवाना मागावा. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार २ ते ५ वर्षे कारावास आहे. मुलाच्या कमरेचा कट्टा वेळीच काढून घेणारे मातापिता हेच आज खरे शूर होत.