एका बिंदूपाशी उभे राहून



आज मी संयोजकांकडून फळा मागून घेतला, कारण हा विषय ऐकण्यापेक्षा मांडल्यावर लवकर कळतो. विषय आहे स्थानिक वलयावरील मॉड्यूल. एम.एस्सी.ची मुले स्थानिक वलयाला लोकल रिंग म्हणतात. नावाने बिचकू नका. शाळेतले अपूर्णांक आठवत असतील तर तेवढ्या भांडवलावर आपण निघू.

संक्षिप्त रूपात ज्यांचा छेद विषम आहे, तेवढेच अपूर्णांक घ्या. ३/५ चालेल, ८/७ चालेल, १/२ चालणार नाही. त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार केला तरी छेद विषमच राहतो, म्हणून हे वलय. आता यातल्या कोणत्या संख्या उलटवता येतात? ३/५ चे ५/३ होते. ८/७ चे ७/८ होत नाही, कारण छेद सम झाला. ज्या उलटत नाहीत त्या सगळ्या २ च्या पटी, एकाच घरातल्या. त्यांची आपसात बेरीज करा, घराबाहेर जात नाहीत. पूर्णांकांत असे नसते. तिथे २ उलटत नाही, ३ उलटत नाही, पण ३ मधून २ वजा केले की १ येतो आणि तो उलटतो. न उलटणाऱ्यांचे एकच घर असलेले वलय म्हणजे स्थानिक वलय. स्थानिक अशासाठी, की बाकी सगळ्या मूळ संख्यांकडे पाठ करून आपण फक्त २ पाशी उभे आहोत.

आता या संख्यांच्या जोड्या घ्या. त्यांची बेरीज होते, वलयातल्या संख्येने त्यांना गुणता येते. हे झाले मॉड्यूल. प्रश्न असा, की (३, २) आणि (५, ७) या दोन जोड्यांतून बाकी सर्व जोड्या तयार होतात का? इथे जपानी गणिती नाकायामा यांच्या नावाचे प्रमेय मदतीला येते. २ च्या पटी पुसून टाका: समाला ०, विषमाला १. उरतात (१, ०) आणि (१, १). दुसरीतून पहिली वजा केली की (०, १) मिळते, म्हणजे पुसलेल्या पाटीवर सगळे मिळाले. प्रमेय म्हणते, मग मूळ पाटीवरही सगळे मिळतेच. पडताळून पाहा. पहिल्या जोडीला ७/११ ने गुणा, त्यातून दुसरीची २/११ पट वजा करा. नेमकी (१, ०) येते. छेद ११, विषम, म्हणून चालतो. पूर्णांकांत ७/११ नाही, तिथे गाडी अडते. बीजगणितात यापेक्षा कमी कष्टात इतके देणारे प्रमेय मला माहीत नाही.

याच बळावर स्थानिक वलयावर आणखी एक गोष्ट घडते. काही मॉड्यूल स्वतः मोकळी दिसत नाहीत, म्हणजे नुसत्या जोड्या-त्रिकुटांसारखी नसतात, पण दुसरे एखादे मॉड्यूल जोडले की मोकळी होतात. त्यांना प्रक्षेपी म्हणतात. १९५८ साली गणिती कॅप्लान्स्की यांनी सिद्ध केले, की स्थानिक वलयावर प्रक्षेपी मॉड्यूल मुळातच मोकळे असते.

मग अडचण कुठे उरते? एकेका बिंदूपाशी मोकळे असलेले तुकडे जोडण्यात. जुन्या पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. टोके जोडताना त्याला अर्धा पीळ दिला, तर कुठलाही वीतभर तुकडा सरळच दिसतो, पण पूर्ण पट्ट्यातला पीळ कशानेही जात नाही. १९५५ साली फ्रान्सच्या सेर यांनी विचारले, की बहुपदींच्या वलयावरील प्रक्षेपी मॉड्यूलला असा पीळ असू शकतो का, म्हणजे ते मोकळे नसू शकते का? दोन चलांसाठी उत्तर दिले आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सी. एस. शेषाद्री यांनी, १९५८ मध्ये: पीळ नसतो. कितीही चलांसाठी तेच उत्तर १९७६ मध्ये क्विलेन आणि सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे दिले.

त्याच १९७६ साली पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. अभ्यंकर १९३० चे, वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. हार्वर्डला गणिती झारिस्कींच्या हाताखाली त्यांनी पृष्ठभाग जिथे टोकदार होतो किंवा स्वतःला छेदतो, असे बिंदू उलगडण्याचा अवघड प्रश्न सोडवला, तोही स्थानिक वलये हाताळत. पुढे श्रीकांत भाटवडेकर आणि राजा श्रीधरन यांनी प्रक्षेपी मॉड्यूलमधून मोकळा तुकडा कधी सुटा होतो, हे मोजणाऱ्या ऑइलर वर्ग गटाचा सिद्धांत २००० साली मांडला. मराठी मुलांनी ही नावे खेळाडूंच्या नावांइतकी ओळखीची करून घ्यावीत, असे मला मनापासून वाटते.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एक काम देतो. तीच (३, २) आणि (५, ७) घ्या. २ पाशी त्या पुरतात, हे पाहिले. ३ पाशी, ५ पाशी, ७ पाशीही पुरतात. आता ज्यांच्या छेदाला ११ ने भाग जात नाही असे अपूर्णांक घ्या. तिथे, आणि फक्त तिथेच, त्या अपुऱ्या पडतात. का, ते आज घरी गेल्यावर कागदावर मांडून पाहा.